घाटाच्या उतारावरची हमी

धाराशिवात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेकॅनिक भर रस्त्यात ट्रक खोलून बसे, आणि मी त्याविरुद्ध नगरपालिकेला सातत्याने पत्रे लिहीत असे. भेटला की हसून विचारी, "काका, नवा अर्ज दिला का न्हाय?" अलीकडेच त्याने गॅरेजची नोकरी सोडली आणि पिकअपवर वेल्डिंग मशीन चढवून, बंद पडलेल्या अवजड गाडीपाशीच जाऊन दुरुस्ती करण्याचा स्वतंत्र व्यवसाय आरंभिला.

पहिलेच काम तुळजापूरच्या घाटात निघाले. ब्रेकचा पाईप फुटलेल्या टिप्परमागे, सोलापूरला निघालेली माझी एसटी अडकली होती. त्याने पाईप बदलला, तरी टिप्परचा चालक गाडी उतारावर सोडेना.

"धंद्यात नवा हायस तू. ब्रेक न्हाय लागला तर?"

त्याने आपली पिकअप थोडी खाली नेऊन टिप्परच्या वाटेत आडवी लावली आणि तो बाजूला उभा राहिला. "आता सोड. न्हाय लागला तर माझा धंदा इथंच बुडाला."

"हा निव्वळ बेदरकारपणा आहे! मी हरकत नोंदवतो!" मी खिडकीतून ओरडलो.

टिप्पर गडगडत आला आणि पिकअपपासून वीतभर अंतरावर थांबला. चालकाने उडी मारून पिकअपच्या दारावरचा फोन नंबर मोबाइलमध्ये घेतला.

"काका, ह्याची बी तक्रार का?"

"अवश्य करणार!" मी गरजलो, परंतु माझे दोन्ही हात टाळ्या वाजवण्यात गुंतले होते.