चालू मशीनमध्ये हात

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. जितक्या वेळा जीव घशाशी आला, तितके किस्से! रायपूरला शंकर नगरात आमचं छोटंसं ऑफिस आहे. लोकांचे सर्व्हर सांभाळणं हे आमचं काम. त्यातलं सगळ्यात जीवघेणं काम म्हणजे सर्व्हर बंद न करता त्याच्या पोटातलं कार्ड बदलणं.

ज्या कार्डातून सर्व्हर बाहेरच्या मशीनांशी बोलतो, ते कधी कधी बिघडतं. सर्व्हर तर बंद ठेवता येत नाही, सगळा कारभार त्याच्यावर. मग कीबोर्डवरून हुकूम देऊन फक्त त्या एका कार्डाची वीज तोडायची. तिथला हिरवा दिवा विझला की कार्ड ओढायचं. शेजारची कार्डं मात्र जिवंत! घाईत दिवा पाहिला नाही, किंवा हात शेजारी गेला, तर खेळ खल्लास!

आम्ही तिघं. मोहरील सर आमचे मालक आणि गुरू, मूळचे अमरावतीकडचे. वर्षा इथंच जन्मलेली. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. आणि मी, अविनाश.

*

सरांनी पहिल्यांदा माझ्या हातात कार्ड दिलं, तेव्हा माझी बोटं थरथरत होती. दिसू नयेत म्हणून मी कार्ड छातीशी धरलं.

"भिऊन राहिला का बे?"

"नाही सर! बिलकुल नाही!"

सरांनी कार्ड परत घेतलं. "मंग बाजूले हो. जो भीत नाही, त्याले मी चालू मशीनले हात लावू देत नाही!"

त्या दिवशी मी नुसता टॉर्च धरून उभा होतो. तोही हलत होता.

*

आपल्या अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला एक पट्टा बांधतात आणि त्याची वायर सर्व्हरच्या लोखंडाला अडकवतात. एका ऑफिसात मी असा बांधलेला बसलो होतो. मे महिना, हवा कोरडी ठणठणीत, आणि बाहेर सगळा स्टाफ काचेला नाक लावून उभा. तिथल्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, "आज कुछ हुआ तो देख लेना!"

चपराशी पाणी घेऊन आला. माझा हात बघून थबकला. "भैया का हाथ काहे बाँधे हो, दीदी?"

वर्षा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "भाग न जाए, इसलिए."

चपराशाने मान डोलावली. "हव, ठीक करे हो." मला मात्र हसू आलं नाही. दाराकडे मी त्याआधी बरेचदा पाहून घेतलं होतं.

*

गोल बाजारात भांड्यांचा एक ठोक व्यापारी आहे. त्याचा सर्व्हर दुकानाच्या माळ्यावर, गंजांच्या आणि पातेल्यांच्या मधोमध. दिवाळीची गर्दी, खाली बिलं फाटत होती. वर कार्डाचा दिवा विझला. मी श्वास रोखून कार्ड ओढायला लागलो. अर्धं बाहेर आलं आणि धडाम्‌!! असा आवाज झाला, की अख्खा माळा हलला.

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, गेला! सर्व्हर गेला, नोकरी गेली, आता या शेठच्या तावडीतून कसं सुटायचं? हातातलं कार्ड ना आत जाईना, ना बाहेर येईना.

मागून वर्षाचा आवाज आला. "भैया, आँखें खोलो. सर्वर ठीक है. पतीले गिरे हैं."

खालून शेठ ओरडला, "माल को कुछ हुआ क्या?"

सर्व्हरचं त्याने विचारलंही नाही!

*

आता सरांचं ऐका. एका कारखान्यात त्यांनी स्वतः कार्ड ओढलं, आणि त्याच क्षणी समोरची स्क्रीन काळी!

सर कार्ड हातात घेऊन हळूच जमिनीवर बसले. कपाळावरून घाम ओघळला. मला म्हणाले, "अवि, घरी फोन लाव. सांग, सर जेवायले येत नाहीत."

वर्षाने माऊस हलवला. स्क्रीन उजळली, सगळं चालू होतं. बराच वेळ कोणी हात लावला नव्हता म्हणून ती झोपली होती, एवढंच!

सर तरीही उठले नाहीत. "पायात जोर नाही राहिला. उचला मले."

*

आणि हा मागच्या वर्षीचा. सरांना हार्ट अटॅक आला. समता कॉलनीतल्या ज्या हॉस्पिटलात भरती केलं, तिथला सर्व्हर आमच्याकडेच. आयसीयूतल्या प्रत्येक पेशंटच्या छातीचे ठोके त्यातूनच नर्सबाईंच्या मोठ्या स्क्रीनवर जायचे. त्याची दोन कार्डं. एक बिघडलं, सगळा भार दुसऱ्यावर. तेही गेलं तर स्क्रीन आंधळी. थांबायची सोय नव्हती. आयसीयू कधी रिकामा असतो?

स्क्रीन गेलीच तर पेशंटकडे लक्ष राहावं म्हणून सिस्टरांनी प्रत्येक खाटेजवळ एक माणूस उभा केला. मी सरांना भेटायला गेलो.

"सर, आज बदलून राहिलो."

"माह्या ठोक्यांची लाइन कोणत्या कार्डावर हाय?"

"चांगल्या कार्डावर, सर."

"कोणतं चांगलं, ते पाहून ओढजो," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

सर्व्हरची खोली नर्सबाईंच्या टेबलामागेच. वर्षा मोठ्या स्क्रीनसमोर बसली. मी हुकूम दिला. दिवा विझला. खात्री केली, पुन्हा केली, मग ओढलं. कार्ड हातात आलं. "निघालं!" मी ओरडलो.

आणि अलार्म वाजला.

"भैया!" वर्षा किंचाळली. "सर की लाइन! सीधी हो गई!"

बाकी सगळ्या खाटांच्या लाइनी नाचत होत्या. फक्त सरांची सरळ. डॉक्टर धावले, सिस्टर धावल्या, वर्षा धावली. माझ्या एका हातात जुनं कार्ड, दुसरा हात पट्ट्याने बांधलेला. मला हलताच येईना.

मग वर्षा परत आली. रडत होती की हसत होती, कळेना.

"सर ने खुद निकाला था! पास वाले आदमी को पानी लाने भेजा और छाती का तार हाथ में लेके बैठे हैं!"

"काहून? असं का केलं?" मी विचारलं.

तिने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"म्हणाले, 'एका कार्डावर अलार्म वाजते का नाही, कोणी पाहिलं? वाजला ना? मंग त्याले सांग, घाल आता नवं.'"