वारफाचा चुलतभाऊ

आमच्या बुराव गावच्या शाळेत गणित शिकवणारे दिरिये मास्तर माझे शेजारी. वारफा त्यांचा चुलतभाऊ, तोही पाच पिढ्यांपलीकडचा. मास्तरांनी त्याला उभ्या आयुष्यात जेमतेम दोनदा पाहिलं असेल. या वारफाने विहिरीवर उंटांच्या पाळीवरून भांडण काढलं आणि दुसऱ्या भावकीतल्या म्हाताऱ्या गुलेदच्या थोरल्या मुलाला सुऱ्याने भोसकलं. मुलगा जागीच गेला. वारफा सीमेपलीकडे पळाला.

आमच्याकडे खुनाचा दोष सगळ्या भावकीवर येतो. पंचांची तडजोड होईपर्यंत मेलेल्याचे नातेवाईक भावकीतल्या कुणालाही गाठू शकतात. गुलेदचा मुलगा गुरांचा डॉक्टर होता. वारफासारख्या उनाडाला मारून आमची भरपाई कशी होणार, असं ते लोक उघड बोलू लागले. त्यांना मुलाच्या तोडीचा माणूस हवा होता. आणि भावकीत शिकलेले एकटे मास्तर.

मास्तरांनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. बायकांना कुणी हात लावत नाही, म्हणून उबाहवहिनी बाजारहाट करायच्या. मास्तर अंगणातसुद्धा उभे राहत नसत. मी गेलो की विचारायचे, वर्ग कोण घेतंय, पोरं भागाकारापर्यंत आली का.

एकदा वहिनी पीठ भिजवता भिजवता म्हणाल्या, "तुम्ही शिकलात कशाला? अडाणी राहिला असतात तर आज चौकात चहा पीत बसला असतात."

मास्तर हसले नाहीत.

बाभळीखाली पंचांच्या बैठका सात महिने चालल्या. तीनदा मोडल्या. अखेर गुलेद शंभर उंटांच्या भरपाईवर राजी झाला; ते उंट वारफाच्या सगळ्या भावकीने मिळून भरले. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी मास्तरांना मधे घेऊन भर बाजारातून चालवलं, वैर मिटलं हे सगळ्यांनी बघावं म्हणून. गुलेदने त्यांचा हात हातात घेतला, पण मान वर केली नाही.

पंधरा दिवसांनी वारफा परतला आणि थेट मास्तरांकडे आला. भावकीतला पाहुणा, म्हणून मास्तरांनी बकरा कापला. वारफा पोटभर जेवला, पळून जातानाच्या गमती रंगवून सांगितल्या आणि निघून गेला.

मला राहवलं नाही. "मास्तर, याला घरात कसं घेतलंत?"

"उद्या माझ्या हातून काही घडलं तर भरपाईचे उंट यालाही द्यावे लागतील," ते म्हणाले. "आणि याच्या हातून पुन्हा घडलं तर..."

 वहिनींनी ताटं उचलली.

मास्तर पुन्हा शाळेत जातात. पण वर्गात ते आता फळ्याला पाठ लावून, दाराकडे तोंड करून शिकवतात.