एक मेची सभा आणि माझं खोटं आजारपण

मी नागपूरच्या एका कापड गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. रिळाच्या खात्यात सूत गुंडाळणारी एक बाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. एप्रिलमध्ये तिनं मला वाटेत थांबवलं.

"बाबूजी, एक मेले सभा हाय म्हणतात. हा सण काहून पाळतात? कोन्या देवाचा?"

मी हसलो. इंग्रजी पेपरात वाचलेलं तिला सांगितलं. अमेरिकेतल्या कामगारांनी त्या दिवशी आठ तासांच्या कामासाठी संप केला, गोळ्या चालल्या, पुढाऱ्यांना फाशी झाली. पुढं निरनिराळ्या देशांच्या कामगारांनी मिळून तोच दिवस पाळायचं ठरवलं. ती उभ्यानंच ऐकत राहिली. आमच्या गिरणीत तेव्हा दहा तास भरत.

"हे तुमीच सभेत सांगा. आमाले कोन सांगन?"

मी हो म्हणालो. हो म्हणताना मोठेपणाही वाटला.

तीस तारखेला साहेबानं कचेरीत बोलावून विचारलं, "उद्या सभेला कोण कोण जाणार, तुम्हाला ठाऊक असेलच?" मी म्हणालो, "मला ऊन लागलंय, उद्या घरीच आहे." ते त्यानं मानलं की नाही, कळलं नाही. मी मात्र खरंच घरी राहिलो.

दोन तारखेला सकाळी ती दोन कैऱ्या घेऊन दारात आली. मी ओसरीवर पोहे खात होतो.

"तुमाले ऊन लागलं म्हणतात, पन्हं करून घ्या, बाबूजी. मंग काल मीच उभी राहिली. तुमी सांगतलं थेच सांगतलं. त्या मुलखाचं नाव इसरली. म्हटलं, लय लांबचं हाय, पन मानसं आपल्यासारखीच. बरोबर सांगतलं ना मी?"

"बरोबर," मी म्हणालो. ताटली मागं सरकवली, पण ती तिनं पाहिली होती. कैऱ्या ओसरीच्या कडेला ठेवून ती गेली.

आठवड्यानं कामावरून काढलेल्यांची यादी निघाली. सुवाच्य अक्षर म्हणून तिची नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. चौथं नाव तिचं होतं. टाक दौतीत बुडवून ते लिहिलं. पाचवं नावही मी तितक्याच वळणदार अक्षरात लिहिलं.

पुढं ती गांधीबागेत कापडाच्या दुकानांपुढं भाजी विकायला बसायची. मी खरेदीला दुसऱ्या गल्लीनं जायचो. एकदा चुकून समोर आलो, तर तिनंच हाक मारली, "बाबूजी, तब्येत बरी हाय ना?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.