तात्या पडत नाहीत, उतरतात

वाऱ्याला घरचं माणूस समजणारे गृहस्थ साऱ्या इंदापूर तालुक्यात एकच, ते म्हणजे माझे थोरले साडू. आणि त्यांच्या आयुष्यातली सर्वांत वेगवान धाव माझ्या हाताने वाया गेली, हे मी आधीच कबूल करतो. भवानीनगरला त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही. पन्नाशी उलटल्यावर ते उजनीच्या पाण्यावर विंडसर्फिंग शिकले. पाण्यावर फळी, फळीवर शीड, शीड धरून उभे तात्या, आणि बहुतेक वेळा पाण्यात तात्या. पण ते पडले असं म्हणायचं नाही. मिशीतलं शेवाळ काढत ते सांगतात, "पडलो न्हाय, उतरलो." निरवांगीच्या एका लग्नात आम्ही सगळे अक्षता टाकत होतो, तेव्हा तात्या त्या कुठल्या बाजूला उडतात ते बघत होते. "पावणं, पश्चिमेचं सुटलंय!" असं माझ्या कानात ओरडून ते जेवणाआधीच पाण्याकडे निघाले, तेही नवरदेवाच्या मामाची गाडी घेऊन. पोळ्याला ते फळीवर झूल घालतात आणि तिला पुरणपोळीचा घास दाखवतात.

पावसाळ्याच्या तोंडावर वारं चढलं की काठावर शनिवार-रविवार शीडवाल्यांचा मेळा भरतो. शनिवारी पाण्यात सोडलेल्या पिंपांना वळसे घालत शर्यत. रविवारी एकेकट्याने काठाकाठाने सरळ सुसाट जायचं. मनगटावरच्या घड्याळात वेग उमटतो. शर्यतीत तात्या नेहमी शेवटचे, कारण मागे टाकून जाणाऱ्या प्रत्येकाची ते चौकशी करतात.

"काका, बाजूला व्हा!" पुण्याची एक मुलगी ओरडली.

"जा की बाई! पाणी काय माझ्या सासऱ्याचं हाय? कुणाची गं तू?"

उत्तर ऐकायच्या आत तात्या उतरले होते.

यंदा मात्र रविवार मोलाचा होता. त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, अक्कांनी, निक्षून सांगितलं होतं, "माझ्या स्कूटीपेक्षा जोरात जाऊन दावा. न्हायतर फळी कोंबड्यांच्या खुराड्यावर घालीन. पत्रा गळतोय."

धावेआधी तात्या नारळ वाढवतात. या वेळी त्यांनी तो मान मला दिला, आणि माझ्या ओल्या हातात घड्याळ ठेवून म्हणाले, "चष्मा न्हाय पावणं, तुमीच सुरू करा." नारळाच्या पाण्याने चिकट झालेलं बोट मी काचेवर टेकवलं. काच दाद देईना. तात्यांचं लक्ष शिडाकडे, माझं खोबऱ्याकडे. "झालं सुरू," म्हणालो आणि घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधून टाकलं.

मग तात्या असे गेले, की काठावरचे बगळे उडाले आणि गॉगलवाली पोरं शिट्ट्या मारत उभी राहिली. शेवटच्या झेंड्यापर्यंत तात्या उतरले नाहीत! परत आले, मनगट पुढे केलं आणि म्हणाले, "वाचा."

घड्याळात शून्य.

"सुरू केलं होतं ना?" कुणीतरी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच तात्या उसळले, "पावण्यांनी केलंय, माझ्या म्होरं! घड्याळच नालायक हाय." मी तोंडातलं खोबरं गिळलं आणि पुढचा तुकडा तोंडात टाकला.

पुढच्या रविवारी मी बारामतीहून त्यांच्या घरी गेलो. फळी खुराड्यावर पालथी पडली होती. शिडाच्या काठीवर साड्या वाळत होत्या. तात्या कोंबड्यांना दाणे टाकत होते. वारं चांगलं होतं, पण दाणे कुठल्या बाजूला उडतात तेही त्यांनी पाहिलं नाही. मला ते सहन होईना. सगळं सांगून टाकलं.

तात्यांनी मुठीतले दाणे तसेच खाली टाकले. मग म्हणाले, "म्हंजे घड्याळ चांगलं हाय? आन् मी आठवडाभर त्याला शिव्या घालतोय!"

मला त्यांनी एकही शिवी घातली नाही, आणि तेच फार लागलं. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडले.

"अक्का, घड्याळ मी सुरूच केलं नव्हतं, आणि वर खोटं बोललो. तात्या तुमच्या स्कूटीच्या कितीतरी पुढे गेले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं चुकलं, मला माफ करा. खुराड्याला पत्रा मी आणून देतो. तेवढी फळी खाली उतरवा."