खेकसलो आणि बायको बोलली

मंडळी, सकाळची गोष्ट दिवेलागणीला लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

आमच्या नेरे गावातल्या घरी वरच्या खोलीत स्पेनची मारिया भाड्याने राहते. कंपनीतल्या कामासाठी ती इंग्रजी पक्कं करतेय. बोलण्याच्या नाना तऱ्हांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत, ते तिच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून आमची सून तिला तसं बोलून दाखवते. व्हिस्पर म्हणजे कुजबुजणं, मटर म्हणजे पुटपुटणं.

हे सगळं ओसरीवर, माझ्या बायकोच्या खाटेशेजारी चालतं. अर्धांगवायू झाल्यापासून ती एक शब्दही बोललेली नाही.

आज शब्द आला स्नॅप. सून हसून म्हणाली, "आबा, तुमी खेकसून दावा की. तुमच्यावानी कुणाला जमतंय?"

मी सवयीने बायकोकडे बघूनच खेकसलो, "चहा कुटं हाय?"

खाटेवरून आवाज आला, "वरडू नका."

सुनेच्या हातातला मोबाइल पडला. मारियाने दंड धरून मला बसवलं. त्यानंतर दिवसभर विनवण्या केल्या, पण ही नुसती बघते.

पुन्हा खेकसलो आणि तिचं बीपी वाढलं तर? गप्प राहिलो आणि जीभ परत आखडली तर? डॉक्टरांचा फोन लागत नाही. तुमच्या घरी कुणी असं पुन्हा बोलतं झालं असेल, तर तुम्ही त्यांच्याशी कसं बोललात, ते लवकर कळवा. मोबाइल घेऊन खाटेपाशीच बसलोय.