मुकादमबाई हसायच्या थांबल्या तेव्हा

लाँड्रीतल्या मुकादमबाई हसायला लागल्या की मशीनचा आवाज मागे पडायचा. कुणाची फजिती झाली की पहिलं हसू त्यांचंच. हॉटेलांच्या चादरी तिथं धुवायला यायच्या. ओला गठ्ठा उचलणं म्हणजे भिजलेली म्हैस उचलणं! चौघी मिळून उचलायच्या, तेही बाईंच्या हाकेवर: "धर श्वास, पोट घट्ट, उचल!" नवी बाई आधी ही हाक शिकायची, मग साबण कुठं ठेवतात ते.

अशा ह्या बाई अलीकडे गप्पगप्प झाल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत एकट्या कोपऱ्यात. कुणी विनोद सांगायला तोंड उघडलं की ह्या उठून चालत्या. "मुकादम झाली ना, डोक्यात हवा गेली," असं त्यांची धाकटी नणंद म्हणायची. तीही तिथंच कामाला. घरच्याच माणसानं म्हटल्यावर बाकीच्यांच्या हातात आयतंच कोलीत.

खरी गोष्ट वेगळीच होती. हसलं, शिंकलं, गठ्ठा उचलला, की बाईंना थेंबथेंब लघवी व्हायची. तिसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालेलं, आता फारच वाढलं होतं. बाई गडद रंगाचे कपडे घालायच्या, आत कापडाची जाड घडी ठेवायच्या आणि पाणी जवळजवळ प्यायच्याच नाहीत. त्यानं उलट जळजळ मागं लागली. नवऱ्यालासुद्धा पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं. पण मूठ झाकून ठेवणाऱ्याचा हात किती दुखतो, ते कोण विचारतो? शेवटी बाईंनी ठरवलं, महिनाअखेर काम सोडायचं. ज्या कामावर मुलं वाढवली, ज्या कामानं मान मिळवून दिला, ते काम. त्या दिवशी ट्रॉलीआड उभ्या राहून त्या रडल्या.

सोडण्याआधी एकदा दाखवून तर यावं, म्हणून दात दुखतोय असं घरी सांगून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय झालं म्हणून सोसायचं नसतं हे. खालचे स्नायू सैल पडलेत. ऑपरेशनचं लगेच नाही. आधी ते स्नायू आवळायचा व्यायाम शिकून घ्या, पाणी पुरेसं प्या, चहा कमी करा. कामाच्या वेळी आत बसवायची मऊ रिंगही मिळते, लागली तर बघू."

शिकून घ्या म्हणे! आवळायला काय शिकायचंय? बाई शिकायला थांबल्याच नाहीत. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, मनानंच व्यायाम सुरू. अगदी घाम फुटेपर्यंत. आणि झालं काय? त्रास वाढला!

बाई तणतणत परत दवाखान्यात. आता मात्र त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमसमोर बसवलं. मॅडमनी तपासता तपासता व्यायाम करायला सांगितला आणि त्या म्हणाल्या, "अहो, श्वास का धरलाय? आणि जोर तर खाली देताय. हे ढकलणं झालं."

"श्वास धरल्याशिवाय जोर लागतो का कुठं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता काय सांगणार, कपाळ! आख्ख्या लाँड्रीला सांगणाऱ्या त्याच होत्या.

"श्वास सोडत करा," मॅडम म्हणाल्या. "लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचंय असं समजून आत, वर ओढा. मग पूर्ण सैल सोडा. खोकण्याआधी, उचलण्याआधी हे ओढून घ्यायचं."

पटकन काही झालं नाही. 'अजून एक महिना बघू' असं म्हणत बाईंनी काम सोडणं पुढं ढकललं. काही दिवस रिंग वापरली. पण हळूहळू घडी पातळ झाली, मग नुसती पिशवीत राहू लागली. पूर्ण गेलं नाही, पण काम सुटलं नाही.

आता गप्प बसल्या असत्या तरी निभावलं असतं. पण रोज सकाळी हाक त्यांनाच द्यायची होती, आणि ती चुकीची आहे हे आता त्यांना ठाऊक होतं. एके दिवशी चौघी गठ्ठ्याला हात लावून उभ्या असताना त्या म्हणाल्या, "थांबा गं. श्वास धरायचा नाही. सोडत उचलायचं." "का?" म्हणून विचारल्यावर बाईंनी खरं ते सांगून टाकलं, सगळ्यांसमोर, लघवी हा शब्द वापरून. कान तापले त्यांचे. कुणी हसलं नाही. एकदोघींनी माना खाली घातल्या.

सुट्टी झाल्यावर नणंद मागे राहिली.

"वहिनी, मी दुसरं मूल नको म्हणते ना, ते ह्यामुळेच. पहिल्यालाच एवढं झालं. ह्यांना वाटतं, मला तेच नकोसे झालेत. धड बोलत नाहीत माझ्याशी."

बाई जवळ आल्या. "अगं वेडे, मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" नणंद म्हणाली. "तू तर सगळ्यांवर हसायचीस गं."

मुकादमबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्या तिच्या शेजारी बसून राहिल्या.