जावयांचा भाव पाडणारा माणूस

सासुरवाडीला जाऊन स्वतःचं ताट स्वतः घासणारा जावई उभ्या मावळात एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या धाकट्या बहिणीचा हा नवरा तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बहिणीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, पवनानगरला, आमच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या घरी झालं; मुलगी झाली. बारसं व्हायच्या आत हे गृहस्थ बाप झाल्याची पंधरा दिवसांची रजा घेऊन दारात हजर! आमच्या आबांना काही केल्या उमगेना. "बाळंतपान हिचं, आन् रजा तुमाला कशापायी?" "बाळ दोघांचं आहे ना, आबा," असं म्हणून त्याने बाह्या वर सारल्या, त्या रजा संपेपर्यंत खाली आल्या नाहीत.

ज्या घरात जावयाच्या हातावर पाणीसुद्धा दुसऱ्याने घालायचं, तिथे हा अंगणातल्या दगडावर लंगोट धुवायला बसला. शेजारची मावशी कुंपणावरून ओरडली, "जावयाला धुनं धुवाया लावलंय व्हय गं?" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिने लंगोटांची बादली कणगीमागे दडवली. त्याने ती वासावरून शोधली. बहिणीला नीट झोप मिळावी म्हणून बाळ तोच सांभाळायचा, आणि ती उठली की कारखान्यात शिफ्ट बदलताना देतात तसा चार्ज द्यायचा, "ढेकर झाला, शी झाली, भूक बाकी." हे सगळं कानावर आल्यावर माझे यजमान लोणावळ्यातच रुसून बसले. "यानं जावयांचा भाव पाडला," म्हणाले. सासुरवाडीच्या पाटावर बसून खाल्लेल्या श्रीखंडावर त्यांचा फार जीव.

अंगाई त्याला एकही येत नव्हती. बाळाला खांद्यावर टाकून तो लोकलची स्टेशनं म्हणत फेऱ्या मारायचा, "लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव..." घोरावाडी यायच्या आत बाळ गाढ झोपलेलं असायचं. आबा ओट्यावर तंबाखू मळत बघत बसायचे.

रजा संपली. बाळ-बाळंतीण अजून दोन-तीन महिने माहेरीच राहणार होती. कामशेतच्या जीपपाशी हा बोलका माणूस पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा आवळत राहिला. मग मला म्हणाला, "ताई, आता मी फक्त रविवारी येणार. ओळखेल ना मला ती?" मी त्याच्या हातातली पिशवी घेऊन जीपमध्ये ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी पवनानगरला गेले, तर बादली अंगणात उघड्यावर होती आणि लंगोट दोरीवर वाळत होते. आई म्हणाली, "तुज्या आबांनी पिळून घातल्यात." आणि आबा? नातीला खांद्यावर घेऊन ओट्यावर फेऱ्या मारत होते. जीपने कामशेत गाठायचं आणि तिथूनच माघारी यायचं, एवढाच ज्यांचा जन्मभराचा प्रवास, त्यांना पुढची स्टेशनं कुठून येणार? "कामशेत... कामशेत... कामशेत..." एवढंच चाललं होतं.

"आबा, हे काय हो?"

"बाप आयतवारी यील. तवर त्याचं गानं इसरली, तर वळखंल कशी त्याला?"

आबांच्या तरुणपणी वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर उचलून घ्यायची रीत नव्हती. त्या खांद्यावर मी कधी झोपल्याचं मला आठवत नाही. भाचीचा मला खरंच हेवा वाटला, आणि मी ओट्याच्या कडेला बसून ऐकत राहिले. आबांची गाडी कामशेतच्या पुढे सरकत नव्हती, पण बाळ केव्हाच झोपलं होतं.